बोट कोणी दाखवलं

माधव नगर, उज्जैन
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

मुक्ता,

कार्डं अजून जिन्यावरच पडली आहेत. माळ्यावरून तिसरं खोकं उतरवताना सुतळी तुटली आणि वरच्या पायरीपासून दारापर्यंत कार्डं पसरली. अर्धी गोळा झाली. गुडघे वाकत नाहीत, म्हणून एकेका पायरीवर बसून उचलतो आहे. मध्ये दम घ्यायला वर आलो आणि हे लिहायला घेतलं.

तुझा सावंतवाडीचा पत्ता अपर्णामावशीनं दिला. कशाला हवा, असं दोनदा विचारून दिला. फोन नंबर मी मागितला नाही.

काम आहे म्हणून लिहितो. देवास रोडवर एका ट्रस्टचं नवं दालन होतं आहे. 'माणसांचं आकाश' असं नाव ठेवलंय. निरनिराळ्या प्राचीन लोकांनी ताऱ्यांत काय पाहिलं, कोणती नावं दिली, ते भिंतींवर रंगवणार आहेत. काम देवश्री नावाच्या मुलीकडे आहे. आपल्यातलीच, इथल्या मराठी घरातली. तिनं माझं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं आहे. पंचवीस वर्षांत असं कोणी भेटलं नव्हतं, त्यामुळे मी तिला दोनदा चहा दिला.

चौथी भिंत भाद्रपदांची. चार तारे, मोठा चौकोन. या महिन्याच्या अखेरीला संध्याकाळी साडेसातला डोक्यावर येतो. बाबिलोनच्या लोकांना त्यात मोजणी केलेलं शेत दिसलं. ग्रीकांना उडत्या घोड्याचं धड. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिष्यांना पलंगाचे पाय. त्यांच्या शेजारी देवश्रीला भैरवगढचं नाव लावायचं आहे, पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर दिलेलं: 'बरी झालेल्या बाईची खाट'. खाली मजकूर असा: 'भैरवगढच्या कापड-छपाई कारागिरांमध्ये शतकानुशतके चालत आलेले नाव.' चोवीस तारखेपर्यंत मी त्यावर सही करायची आहे. सही केली की रंगारी कामाला लागतील.

त्याआधी तिला मूळ कार्ड बघायचं आहे. म्हणून खोकं उतरवलं.

कार्डं तुला आठवत असतील. एकूण तीनशे चाळीस. प्रत्येकावर चार रकाने. नाव, सांगणारा, तारीख, आणि बोट कोणी दाखवलं. शेवटचा रकाना हा माझा नियम होता. नावं ऐकीव असतात, सगळेच सांगतात. सांगणाऱ्यानं आकाशाकडे बोट करून तारा दाखवल्याशिवाय कार्ड पुरं धरायचं नाही.

खाटेचं कार्ड ११२, जुबेदा बींचं. त्यांच्या अंगणात तू बरोबर होतीस. त्या रकान्यात लिहायचं राहून गेलं आहे. बोट त्यांनीच दाखवलं होतं, एवढं एका ओळीत कळव. तुझी आठवण माझ्याहून चांगली आहे.

सिंहस्थासाठी सगळे रस्ते खोदलेत. पोस्टापर्यंत जायला अर्धा तास लागतो.

आशीर्वाद.

बाबा


शनिवार, ८ नोव्हेंबर

मुक्ता,

पहिलं पत्र तुला आज-उद्या मिळेल. तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितो आहे, कारण पहिल्या पत्रातला प्रश्न सरळ नव्हता.

काल देवश्री कार्डं बघायला आली. जमिनीवर बसून तिनं सगळी क्रमानं लावली. दोन तास लागले. मग एक कार्ड उचलून म्हणाली, "सर, तीनशे चाळीसात एकच रकाना रिकामा आहे."

मी म्हटलं, राहून गेला असेल.

"तुमचं? तुम्ही तर हवासुद्धा लिहिलीये. 'थोडे ढग, पश्चिमेला.' आणि हे राहून गेलं?"

"माणूस विसरतो."

"आणि मागे हे चित्र कोणाचं?"

कार्डाच्या मागे चित्र आहे हे मी खरोखर विसरलो होतो. पेन्सिलीचे चार ठिपके. ते जोडून खाट केलेली. खाटेवर एका टोकाला गुंडाळलेली गादी.

"घरातल्या मुलीनं काही गिरवलंय," मी म्हणालो.

"गादी मस्त काढलीये पण," ती म्हणाली. कार्डाचा फोटो घेतला, दोन्ही बाजूंनी. जाताना पायऱ्यांवर थांबली. "सर, टेन्शन नका घेऊ. आपण भैरवगढला जाऊन विचारून येऊ. घरचे कोणी तरी असतीलच ना त्यांच्या."

तर आता लिहून टाकतो. बोट तू दाखवलंस. नावही तू ठेवलंस. तू आठ वर्षांची होतीस. जुबेदा बी अंगणात वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, तू त्यांच्या पाठीला टेकून बसली होतीस, आणि तू वर बोट करून हिंदीत म्हणालीस, "वो खाली खाट है. उसपे जो बाई थी वो अच्छी होके घर चली गई."

जुबेदा बींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आपल्या घरचं सगळं माहीत होतं. मग त्या वर बघून म्हणाल्या, "हाँ बेटा. देख, बिस्तर भी लपेट के गई है."

मी कार्ड काढलं आणि लिहून घेतलं. सांगणारा या रकान्यात 'जुबेदा बी' लिहिलं. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. तेवढा प्रामाणिकपणा तेव्हा होता.

पुस्तकात रकाने नसतात. तिथे सलग वाक्य लिहावं लागतं. मी लिहिलं.

तू एकोणीस वर्षांची होतीस. पान अठ्ठ्याऐंशी उघडं धरून स्वयंपाकघरात आलीस. "हे जुबेदा बींनी सांगितलं?" एवढंच विचारलंस. मी "हो" म्हटलं. तू पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलंस. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबलीस, गॅस बंद केलास आणि बाहेर गेलीस. जूनमध्ये पुण्याला मावशीकडे राहायला गेलीस. त्यानंतर आपण दोनदा भेटलो, दोन्ही वेळा लोकांत.

तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीसाठी.

बाबा


गुरुवार, १३ नोव्हेंबर

मुक्ता,

पोस्टमन येऊन गेला. विजेचं बिल होतं.

मी तसं का लिहिलं, ते तू कधी विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस, असं म्हणत नाही.

हस्तलिखित पहिल्यांदा एका जाणकारांना दाखवलं होतं. त्यांनी समासात लिहिलं, 'संग्रह कष्टाचा. नवे काही नाही.' खरंच होतं. सप्तर्षींना खटोला म्हणतात, मृगाला हिरणी म्हणतात, कृत्तिकांना कचपचिया. माळव्यातली कुठलीही म्हातारी हे सांगेल. तीनशे चाळीसातलं दुसऱ्या कोणाकडे नसलेलं असं एकच कार्ड होतं, ११२. ते गाळलं तर पुस्तक म्हणजे फक्त यादी. तुझं नाव घातलं तर ते प्राचीन राहत नव्हतं, आणि लोकांचंही राहत नव्हतं. एका मुलीचं झालं असतं. म्हणून ते जुबेदा बींच्या नावावर घातलं आणि खाली लिहिलं, 'फार जुने असावे.'

आपल्या घराण्यातले लोक शिंद्यांच्या दफ्तरात नकला करायचे. पाच पिढ्या तेच काम. मूळ कागदावर असेल तेवढंच उतरवायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. आजोबा मला पाटीवर हेच शिकवायचे.

आता दुसरं. हे त्याच्या आधीचं आहे.

तुझी आई एकोणीस दिवस दवाखान्यात होती. कावीळ. खिडकीजवळची खाट. तू रोज शाळेतून डबा घेऊन यायचीस, डब्यात मऊ भात. वॉर्डातल्या बायका तुझ्याशी बोलायच्या, केस विंचरून द्यायच्या. नऊ नोव्हेंबरला तू आलीस तेव्हा खाट रिकामी होती आणि गादी गुंडाळून एका टोकाला ठेवलेली होती. मी व्हरांड्यात होतो. कागदांवर सह्या चालल्या होत्या. तू माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस, हातात डबा. मी म्हणालो, "आई बरी झाली. अपर्णामावशीकडे गेली आहे पुण्याला, हवापालटाला."

ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. एकदा गेल्यावर पुढचं सगळं त्याच्यामागून करावं लागलं. दिवसवार आटपेपर्यंत तुला इंदूरला श्रीपादकाकांकडे ठेवलं. काकूला गप्प राहायला सांगितलं. डोक्याचे केस काढले होते, ते दिसू नये म्हणून मी घरातही माकडटोपी घालून वावरायचो. तू एकदाही विचारलं नाहीस.

तू परत आलीस त्याच्या पुढच्या रविवारी, सव्वीस नोव्हेंबरला, आपण भैरवगढला गेलो. घरात तुझ्याजवळ बसायला कोणी नव्हतं म्हणून तुला नेलं. मला स्वतःला का जायचं होतं, ते आता नीट आठवत नाही. घरात बसवत नव्हतं. जुबेदा बींनी ताट वाढलं होतं, मी ते तसंच ठेवलं. मग तू बोट दाखवलंस.

त्या रात्री घरी येऊन मी दोन पोळ्या खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी खाल्ल्या म्हणून लक्षात आहे.

संक्रांतीला समोरच्या मंगलाबाईंनी हळदीकुंकवात तुझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "आई नाही हो बिचारीला." मी दारात होतो. तू तिळगूळ तोंडात टाकलास आणि चावत राहिलीस. रडली नाहीस. तुझ्या कानावर पडलं नसावं, असं मी धरून चाललो. होळीच्या सुमाराला तू आईचा कंगवा तुझ्या दप्तरात ठेवलेला दिसला, तेव्हा कळलं की तुला माहीत आहे. आपण त्यावर बोललो नाही. सांगायची वेळ निघून गेली आहे असं मला वाटलं. तसं मला नेहमीच वाटतं.

पुस्तकात मी ते छापलं याला जाणकारांचा शेरा हे एक कारण. दुसरं असं, की मला ते कुठे तरी छापलेलं बघायचं होतं. बाई बरी होऊन गेली, असं.

मंगळवारी देवश्रीबरोबर भैरवगढला जायचं ठरलं आहे.

बाबा


मंगळवार, १८ नोव्हेंबर

मुक्ता,

आत्ताच आलो. दमलो आहे. पण झालेलं लगेच लिहून ठेवायची जुनी सवय.

जुबेदा बी २००४ सालीच गेल्या. अंगण तेच आहे, अर्ध्या भागावर पत्रे टाकलेत. त्यांची नात नसीम काम बघते. पन्नाशीची असेल. मेणात ठप्पा बुडवून कापडावर मारत होती. आम्ही उभे राहिलो तरी हात थांबला नाही. देवश्रीनं ओळख करून दिली.

"पहचाना," नसीम म्हणाली. "वो तारे वाले सर. आप आते थे तो दादी का आधा दिन खराब होता था."

देवश्री हसली. मीही हसलो.

मग देवश्रीनं विचारलं, चार ताऱ्यांच्या चौकोनाला तुमच्यात काही म्हणतात का. तिनं फोनवर चित्र काढलं होतं, पण नसीमनं ते पाहिलंच नाही. हातातला ठप्पा बाजूला ठेवला, पत्र्याच्या बाहेर आली आणि भर दुपारी, बारा वाजता, वर बोट केलं.

"खाली खाट. ठंड शुरू होते ही यहाँ आती है, शाम को. घर में कोई बीमार हो तो बच्चों को छत पे ले जाके दिखाते हैं. बीच में एक भी तारा नहीं दिखा तो समझो मरीज़ उठ जाएगा. बिस्तर लपेट के घर आएगा."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?" देवश्री घाईत मराठीतच बोलली, मग हिंदीत पुन्हा विचारलं.

"दादी ने. अब्बा का ऑपरेशन था तब. और दादी को उनकी दादी ने बताया होगा."

देवश्रीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आनंद होता. रकाना भरला होता. मी गप्प बसलो असतो तर तिथेच सगळं संपलं असतं. मला तेवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. नसीमनं खुर्ची आणून दिली तेव्हा बसलोसुद्धा.

मग सांगितलं. दोघींना, हिंदीत. माझी मुलगी, तिची आई, दवाखान्यातली खाट, जुबेदा बींनी तुझं मन राखायला जोडलेली गादी. मी पुस्तकात काय केलं तेही.

देवश्री वहीत काही लिहीत होती, ती थांबली. नसीम उठली, मेणाखालची आच कमी केली, परत आली.

"तो क्या करना है अब?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, भिंतीवरून काढून टाकायला सांगतो. ते खोटं आहे.

"आपकी बेटी की चीज़ थी, तो ले जाओ वापस. मगर चालीस घरों से उठाना पड़ेगा. सामने वालों से शुरू करो. उनका लड़का कल ही भर्ती हुआ है."

ती पुढे म्हणाली, "करोना में अम्मी अस्पताल में थीं. अंदर जाने नहीं देते थे. बच्चे रो-रो के पागल. मैं छत पे ले गई, खाट दिखाई. छोटी को कुछ नहीं दिखा बीच में. सो गई."

"मग अम्मी?" देवश्रीनं विचारलं.

"नहीं आईं." तिनं ठप्पा उचलला. "पर बच्चे उस रात सो गए थे."

निघताना तिनं देवश्रीला बजावलं, "दादी का फोटो लगाओगे तो चश्मे वाला मत लगाना. उसमें थानेदार लगती हैं."

परतीच्या वाटेवर देवश्री गाडी चालवत होती. देवास गेटपाशी खोदकामामुळे अर्धा तास अडकलो. ती एवढंच म्हणाली, "सर, मला तुमचा राग आलाय. पण पॅनल काढावं असंही वाटत नाहीये. तुम्हीच ठरवा, सोमवारपर्यंत."

मी आयुष्यभर या नावांवर काम केलं. प्राचीन लोकांची कल्पनाशक्ती अफाट होती, असं वर्गात शिकवलं. आता तसं वाटत नाही. ते दमलेले लोक असावेत. दिवसभर ज्या वस्तूशी गाठ पडली तीच त्यांना संध्याकाळी वर दिसली. मोजणीदाराला शेत, घोडेवाल्याला घोडा. ज्याच्या घरी माणूस आजारी, त्याला खाट. एकानं बोट दाखवलं, शेजारच्यानं मान डोलावली. बहुतेक त्याचं मन राखायला. मग ते नाव हजार वर्षं चाललं. पहिलं बोट कोणाचं, ते कुठल्याच कार्डावर नाही. पण तुझं मला माहीत आहे.

बाबा


रविवार, २३ नोव्हेंबर

मुक्ता,

वीस दिवस झाले. तू उत्तर देणार नाहीस असं आता धरतो. पहिली दोन पत्रं मिळाल्याचं तू अपर्णामावशीला सांगितलंस, ते तिच्याकडून कळलं. बाकी काय म्हणालीस ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दुपारी देवश्रीशी फोनवर बोललो. ठरलं ते असं. पॅनल राहील. 'शतकानुशतके' काढायचं. त्या जागी 'भैरवगढमध्ये १९८९ पासून'. जुबेदा बींचं नाव राहील, कारण गादी त्यांची आणि पुढच्यांना सांगणंही त्यांचं. त्याखाली माझं एक वाक्य, की माझ्या पुस्तकातली नोंद चुकीची आहे आणि ती चूक मी जाणून केली होती.

"सर, भिंतीवर? सगळ्यांसमोर?" ती म्हणाली.

"पुस्तक तरी कुठे लपवून छापलं होतं?"

"आणि पहिल्यांदा कोणी सांगितलं ते?"

ते मला ठरवता येत नाही. तुझं नाव गाळलं तर पुन्हा तेच. घातलं तर तुझी आई, तो व्हरांडा, डबा, हे सगळं तुला न विचारता भिंतीवर चढवणं. तेही तेच. म्हणून मी तिला सांगितलं, चारही रकाने रंगवा आणि बोटाचा रकाना कोरा सोडा.

"लोक म्हणतील प्रिंटिंग मिस्टेक आहे."

"म्हणू देत."

मग म्हणाली, "उद्या दहाला या सही करायला. आणि जेवून या, सर. मागच्या वेळी चक्कर आली होती तुम्हाला, मला दिसलं होतं."

आत्ता साडेसातला छतावर जाऊन आलो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं राहिलंय. चौकोन सापडायला वेळ लागला. त्याच्या खाली सध्या शनी आहे, त्याच्यावरून वर गेलो. चार तारे मिळाले. आत काही नाही. तेव्हाही मला काही दिसलं नव्हतं. चश्म्याचा नंबर वाढलेला होता आणि बदलायला सवड झाली नव्हती. आता शहराचा उजेडही आहे. नसीमच्या हिशेबानं या गावातला प्रत्येक रोगी उठून बसायला हवा.

खाली यायला पंधरा मिनिटं लागली. जिन्यावर एक कार्ड राहून गेलं होतं, तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात. कोरं होतं. ते टेबलावर ठेवलं आहे.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही. हे पत्र उद्या सही करून आल्यावर टाकतो.

बाबा


कार्ड ११२. दुसरी प्रत.

नाव: बरी झालेल्या बाईची खाट.

सांगणारा: मुक्ता. नंतर जुबेदा बी, भैरवगढ.

तारीख: २६ नोव्हेंबर १९८९. दुरुस्ती सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५.

बोट कोणी दाखवलं: मुक्ता, वय आठ.

शेरा: सकाळी सात दहाला सावंतवाडीहून मुक्ताचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, काल पाहिलं. खाट रिकामी नाही. आत तीन तारे आहेत." मी म्हटलं, मला दिसत नाहीत. ती म्हणाली, "मला तेव्हाही दिसत होते. गादी गुंडाळली की काय समजायचं ते वॉर्डातल्या एका बाईंनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही जेवत नव्हता, म्हणून रिकामी म्हटलं." मग म्हणाली, "रकान्यात माझं नाव लिहा. तीन तारेही लिहा." फोन ठेवला. पोळी खाऊन साडेनऊला निघालो. दहाला देवश्रीकडे सही केली. हवा स्वच्छ.